सुंभाने शिवलेली होडी: सोडणापासून पाण्यापर्यंत

खिळ्यांऐवजी सुंभाने, म्हणजे काथ्याच्या दोरीने, फळ्या शिवलेली होडी पाहिली की पहिला प्रश्न ठरलेला असतो: एवढी भोकं पाडल्यावर पाणी आत कसं येत नाही? खरं म्हणजे शिलाई पाणी अडवतच नाही. पाणी अडतं ते फळ्यांच्या एकमेकींना चिकटून बसलेल्या कडांमुळे आणि सांध्यावर आतून बसवलेल्या काथ्याच्या वळीमुळे. सुंभ या दोन्ही गोष्टी जागच्या जागी दाबून धरतो, एवढंच त्याचं काम. हे नीट उमगलं नाही की माणूस कडा कशाबशा जुळवतो, मग शिलाई आवळत बसतो, आणि होडी गळायला लागली की दोष दोरीला देतो.

ओमानपासून मलबार आणि लक्षद्वीपपर्यंत, अरबी समुद्राच्या दोन्ही किनाऱ्यांवर गलबतं शतकानुशतकं अशीच बांधली गेली. तेराव्या शतकाच्या अखेरीस होर्मुझला आलेल्या मार्को पोलोला ही जहाजं अगदीच कुचकामी वाटली. चौदाव्या शतकात फिरलेल्या इब्न बतूताने मात्र नेमकं कारण टिपलं: खिळ्यांचं जहाज खडकावर आदळलं की फुटतं, दोरीचं जहाज लवतं. आमचा अनुभव इब्न बतूताच्या बाजूने आहे. होडी लाटेबरोबर वाळूवर आपटते तेव्हा सगळा सांगाडा किंचित हलतो आणि पुन्हा जागेवर येतो. ताठ होडीला ही सवलत नसते.

पुढे दिलेली मापं 7 मीटर लांब, मधोमध 1.7 मीटर रुंद अशा उघड्या होडीची आहेत. फळी 30 मिलिमीटर जाडीची. मोठ्या गलबताला फळी आणि सुंभ दोन्ही जाड होतात, पण कामाचा क्रम तोच राहतो.

काम सुरू होतं सोडणांपासून, म्हणजे नारळाच्या वरच्या धागेदार आवरणापासून, कारण सगळ्यात जास्त वेळ तिथे जातो. हिरवी, पूर्ण वाढलेली पण न सुकलेली सोडणं जाळ्यात बांधून खाडीच्या मचूळ पाण्यात बुडवायची, वर चिखल आणि दगडांचं वजन ठेवायचं, आणि 6 ते 10 महिने हात लावायचा नाही. जागा अशी हवी की भरती-ओहोटीला पाणी बदलेल. साचलेल्या पाण्यात सोडण काळं पडतं आणि धागा कमजोर निघतो. घाई करून चौथ्या महिन्यात काढलं तर धाग्याला भुसा चिकटून राहतो, आणि तो भुसा पुढे सुंभात ओल धरून ठेवतो. बाहेर काढल्यावर वरची साल सोलायची, मोगरीने झोडपायचं, धुवायचं, सावलीत वाळवायचं. सुक्या सोडणाचा तपकिरी काथ्या जाड आणि राठ असतो. पायपुसण्यांना तो उत्तम, पण भोकाच्या काठावर वळवला की त्याचे धागे तुटतात. शिलाईला तो चालत नाही.

सुंभ दोन पदरी, 4 ते 5 मिलिमीटर जाड. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, आणि इथे सगळा खेळ पिळाचाच आहे. पीळ सैल असेल तर सुंभ ताणावर लांबत राहतो. फार कडक असेल तर अढी पडते आणि त्याच जागी तो तुटतो. तपासायची रीत साधी आहे: हातभर तुकडा बोटाभोवती घट्ट वळवायचा आणि सोडायचा. वळणावर धागे पिंजारले तर ती गुंडी बाजूला काढायची. आणखी एक परीक्षा म्हणजे मीटरभर सुंभाला रात्रभर वजन टांगून ठेवायचं. थोडं लांबणं ठरलेलंच, पण सकाळीही लांबी वाढतच असेल तर तो सुंभ नांगराच्या कामाला द्यावा.

किती लागतो? सांध्याच्या एका मीटरला 15 ते 16 मीटर. अशा होडीत सगळे सांधे मिळून 85 ते 90 मीटर भरतात, म्हणजे शिलाईलाच 1,400 मीटरच्या आसपास सुंभ. बरगड्या बांधायला लागणारा आणि वाया जाणारा धरून आम्ही 2 किलोमीटर हाताशी ठेवतो. अर्ध्या कामात सुंभ संपणं फार वाईट, कारण नवा सुंभ वेगळ्या पिळाचा आला की एकाच सांध्यात दोन तऱ्हेचा ताण बसतो.

लाकडाबद्दल थोडक्यात. फळ्यांना साग, किंवा केरळात ज्याला ऐनी वा आंजिली म्हणतात ते फणसाच्या कुळातलं लाकूड. बाहेरचं फिकट, कच्चं लाकूड पूर्ण तासून टाकायचं, कारण कीड आणि कुज दोन्ही तिथून शिरतात. चिरलेल्या फळ्या मध्ये पट्ट्या घालून सावलीत रचायच्या, पण खडखडीत वाळवायच्या नाहीत. फार कोरडी फळी पाण्यात गेल्यावर रुंदीला फुगते. थोडं फुगणं हवंच, कडा त्यानेच एकमेकींवर दाबल्या जातात. मात्र ते प्रमाणाबाहेर गेलं की भोकाच्या काठाशी सुंभ चिरडतो. फार ओली फळी शिवली तर उलटंच घडतं: होडी किनाऱ्यावर उभी असतानाच फळी आकसते आणि सांध्यातून उजेड दिसायला लागतो.

होडीचा कणा एकाच सरळ ओंडक्याचा, 6 मीटर लांब, 10 सेंटिमीटर रुंद, 14 सेंटिमीटर उंच. तो ठोकळ्यांवर ठेवताना जमिनीपासून किमान 75 सेंटिमीटर उंची ठेवा. शिवताना एक माणूस होडीखाली बसून दिवसभर हात वर करून काम करणार असतो, हे कणा मांडताना हमखास विसरलं जातं. पुढची नाळ, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाचा उभा खांब, आणि मागचा खांब कण्याला खाच घालून बसवायचे आणि तेही सुंभानेच बांधायचे. ओळंबा इथेच लावायचा. नाळ बोटभर कलली तरी प्रत्येक फळी डावी-उजवी वेगळ्या लांबीची होत जाते.

या पद्धतीत आधी कवच होतं, बरगड्या नंतर येतात. त्यामुळे होडीचा आकार ठरवते कण्यालगतची पहिली फळी. ती मधोमध जवळजवळ आडवी, आणि नाळेकडे जाताना पीळ घेत उभी होत जाते. हा पीळ फळीला सहजासहजी मानवत नाही. फळी ओली करून मंद आचेवर, चिखल आणि तेलाचा हात फिरवत तापवायची, एक टोक अडकवून दुसऱ्या टोकाला लाकडी चिमट्याने पीळ द्यायचा आणि थंड होईपर्यंत तसंच धरून ठेवायचं. सोडल्यावर फळी थोडी मागे येतेच, म्हणून हवा त्यापेक्षा थोडा जास्त पीळ द्यायचा. फळी तडकते ती बहुधा गाठीजवळ, किंवा जिथे लाकडाची रेघ कडेतून बाहेर पडते तिथे. नाळेकडच्या शेवटच्या दोन मीटरमध्ये गाठ असलेली फळी लावूच नये, मग ती बाकी कितीही सुंदर असो.

आता कडा जुळवणं. सगळ्या कामात आम्ही सर्वांत जास्त जीव इथे ओततो. खालच्या फळीच्या कडेला काजळी आणि तेल यांचा पातळ हात द्यायचा, वरची फळी तिच्यावर बसवायची, मोगरीने हलके ठोकायची, उचलायची. काळे डाग लागले ते उंचवटे. तेवढेच रंध्याने काढायचे आणि पुन्हा बसवायची. पाच-सहा वेळा असं केलं की डाग तुटक न राहता सलग पट्टा होतो. नवखा माणूस डाग दिसला की रंधा लांब ओढतो आणि चांगला भागही घालवतो. उंचवटा वितीएवढा असेल तर रंधा वितीएवढाच चालावा. शेवटी अंधार पडल्यावर सांध्यामागे दिवा धरायचा. केसाएवढी रेघ चालेल, ती फुगून भरते. नखाएवढी फट चालणार नाही.

कडा जुळल्या की कडेत दर 40 सेंटिमीटरला 8 मिलिमीटर जाडीच्या टणक लाकडाच्या खुंट्या उभ्या बसवायच्या, अर्धी खुंटी खालच्या फळीत, अर्धी वरच्या. या टाळण्याचा मोह फार होतो, कारण नंतर त्या कुणाला दिसत नाहीत. पण सुंभ फळ्यांना जवळ ओढतो, लांबीच्या दिशेने एकमेकींवरून घसरण्यापासून मात्र फारसं अडवत नाही. लाटेवर होडीची दोन्ही टोकं खाली झुकतात, मधला भाग वर येतो, पुन्हा उलट होतं, आणि प्रत्येक वेळी फळ्या सरकू पाहतात. खुंट्या नसल्या की हे सरकणं सुंभाला सोसावं लागतं आणि तो करवतीखाली धरल्यासारखा झिजतो. काही वर्षांत टोकं खाली बसलेली होडी दिसली तर खुंट्या कमी घातल्या असं समजावं.

भोकं सामत्याने, म्हणजे हाताने फिरवायच्या गिरमिटाने पाडतो, 10 मिलिमीटरची. कडेपासून भोकाच्या मध्यापर्यंत 30 ते 35 मिलिमीटर, दोन भोकांमध्ये 6.5 सेंटिमीटर, आणि वरच्या-खालच्या फळीतली भोकं बरोबर समोरासमोर. कडेला फार जवळ गेलं तर भोक फाटतं. फार लांब गेलं तर आवळताना सांधा बाहेरून उघडतो. सगळी भोकं लाकडाच्या एकाच रेघेत आली तर फळी त्या रेघेवर चिरते, म्हणून एकाआड एक भोक 5 मिलिमीटर वर-खाली घ्यायचं. बाहेरच्या बाजूला भोकापासून सांध्यापर्यंत सुंभ बुडेल एवढी खाच कोरायची, नाहीतर वाळूवर ओढताना पहिल्याच हंगामात टाके सोलून निघतात. भोकाचे काठ दोन्हीकडून गोल करायला विसरू नका. कण्यात भोक सरळ आरपार जात नाही. ते बाजूने तिरकं घेऊन वरच्या पृष्ठभागावर काढावं लागतं. तिथे आधी दोन्हीकडून खुणा करून मधे भेटायचं असतं, आणि ती भेट चुकली की कणा नाहक पोखरला जातो. आम्ही अशी भोकं आधी टाकाऊ तुकड्यावर पाडून कोन पक्का करतो.

शिवायच्या आधी सांध्यात कापसाची पातळ वात तेल-राळेत भिजवून ठेवायची. मग आतून सांध्यावर वळी: मोकळ्या काथ्याचा अंगठ्याहून थोडा जाड, सलग पेळू, वरून बारीक सुंभाने विरळ गुंडाळलेला. वळी मधेच बारीक होता कामा नये, कारण टाका तिथे ढिला पडतो आणि तो ढिलेपणा शेजारच्या टाक्यांपर्यंत पसरतो.

शिवणारी जोडी असते, एक आत, एक बाहेर. आतला माणूस वरच्या भोकातून सुंभाचं टोक बाहेर देतो, बाहेरचा ते खालच्या भोकातून आत परत पाठवतो, आत ते वळीवरून वर येतं. हा उभा टाका, त्याचे दोन वेढे. तिथून सुंभ आतल्या बाजूनेच तिरका पुढच्या भोकाकडे जातो. सांध्याच्या टोकापर्यंत असं जायचं आणि त्याच भोकांतून उलट यायचं. परतीचे तिरके टाके पहिल्यांवर पडतात आणि फुली होते. आतून पाहिलं तर उभी रेघ, फुली, उभी रेघ, फुली. बाहेरून खाचेत बुडालेल्या उभ्या रेघा.

खरा ताण नुसत्या हाताने येत नाही. 60 सेंटिमीटरचा टणक दांडा घ्यायचा, सुंभ त्याला दोनदा गुंडाळायचा, दांड्याचं टोक फळीला टेकवून तरफेसारखा दाबायचा. त्याच वेळी जोडीदार वळीवर मोगरी मारतो. दाबल्यावर वळीची जाडी निम्मी होते, सुंभ आणखी सरकतो, पुन्हा दाबायचं. ताण पुरेसा झाला की भोकात निमुळती लाकडी मेख ठोकून सुंभ तिथेच आवळून ठेवायचा आणि पुढच्या भोकाकडे जायचं. पाठीमागे पाच-सहा मेखा नेहमी ठोकलेल्या हव्यात. आठवी भोकं शिवून झाली की पहिली मेख काढायची. मेखा कमी आहेत म्हणून लवकर काढल्या की ताण मागे वाहत जातो आणि दिवसाअखेरीस सगळा सांधा थोडाथोडा ढिला निघतो. ताण बरोबर आहे का हे कानाला कळतं: टाका बोटाने छेडला तर टणटणीत वाजतो, ढिला असला तर वाजतच नाही.

प्रत्येक टाका घालताना घट्टच वाटतो. पण पुढचा आवळला की मधली वळी आणखी दबते आणि मागचा टाका सुटा होतो. म्हणून परतीची फेरी ही नुसती फुली पुरी करण्यासाठी नसते. तेव्हा प्रत्येक जुना टाका पुन्हा ओढून घ्यायचा असतो. आणखी एक बारीक गोष्ट: सुंभ भोकांतून फिरताना त्याचा पीळ उलगडत जातो. चार-पाच टाक्यांनंतर टोक मोकळं सोडून पीळ परत भरायचा. सुंभ संपला तर गाठ मारायची नाही. नवा सुंभ जुन्यासोबत तीन भोकं चालवायचा आणि मेखेने पक्का करायचा. गाठ वळीवर उंच राहते, तिथेच घासली जाते आणि सुटते.

सुंभ आम्ही कोरडाच वापरतो, नुसता तेलाचा हात लावून. काथ्या भिजला की फुगतो आणि लांबीला आखडतो. ओला शिवला तर वाळल्यावर ढिला पडेल. कोरडा शिवला तर पाण्यात गेल्यावर आपणहून आवळला जातो. एक अनुभवी जोडी दिवसाला दीड ते दोन मीटर सांधा पुरा करते. त्याहून वेग दिसला तर टाके छेडून पाहावेत.

तीन फळ्या चढल्या की तळाच्या बरगड्या घालतो, पुढे दोन-दोन फळ्यांनंतर वरच्या. त्यांना वाकडंच लाकूड हवं. फांदी फुटते तिथला नैसर्गिक बाक घ्यावा, म्हणजे रेघ बाकाबरोबर जाते. सरळ लाकडातून बाक कापला तर तो रेघेवर तुटतो. बरगडी जिथे वळीवर येते तिथे खाच हवी, नाहीतर ती वळीवर टेकून फळीपासून सुटी राहते. कण्यालगत दोन्हीकडे बोटभर छिद्र ठेवावं, म्हणजे आत साचलेलं पाणी एका जागी येऊन उपसता येतं. बरगड्याही फळ्यांना सुंभानेच बांधतात, प्रत्येक फळीत भोकांची एक जोडी.

मग भोकं भरणं. प्रत्येक भोकात बाहेरून काथ्याचे धागे बोथट पटाशीने ठासायचे आणि वर राळ-तेलाचं लुकण. लुकणात राळ जास्त झाली तर ते उन्हात तडकतं, तेल जास्त झालं तर ओघळतं. थोडंसं थंड पाण्यात टाकून चपटं करावं. न तडकता वाकलं आणि बोटाला चिकटलं नाही की जमलं. राळ वितळवताना भांडं पेट घेऊ शकतं, म्हणून जवळ झाकण आणि वाळू ठेवा. त्यावर पाणी कधीच ओतू नका. तेलासाठी पूर्वी मुशीच्या, म्हणजे शार्कच्या, यकृताचं तेल वापरत. व्हेल शार्क तर 2001 पासून भारतात कायद्याने संरक्षित आहे, आणि तारलीच्या तेलाने काम नीट होतं. आतून-बाहेरून, विशेषतः टाक्यांवर, दोन-तीन दिवस पुन्हापुन्हा पाजायचं, सुंभ पिणं थांबवेपर्यंत. पाण्याखालच्या भागावर चुना आणि तेल एकत्र कुटून केलेला लेप, 3 ते 5 मिलिमीटर जाड. लाकूड पोखरणारे समुद्री किडे त्याने बराच काळ दूर राहतात. लेप कमी कुटला तर तो पोपडे धरून सुटतो. पिठाच्या गोळ्यासारखा ओढला जाईपर्यंत कुटत राहायचं.

पाण्यात घालण्याआधी होडीतच पाणी ओतून पाहतो, वीतभर उंच, त्याहून जास्त नाही. आतलं पाणी फळ्यांना बाहेर ढकलतं आणि हा ताण शिलाईसाठी उलटा असतो. गळणाऱ्या जागी बाहेरून खडूने खूण करायची. थेंब भोकातून येतो की सांध्यातून, हे पाहणं महत्त्वाचं. भोकातून आला तर पुन्हा ठासायचं. सांध्यातून आला तर एक दिवस थांबायचं, बहुतेक वेळा तो फुगून बंद होतो. तिसऱ्या दिवशीही चालूच असेल तर कडा चुकली आहे. तिथे लुकण थापून उपयोग नाही, तेवढे टाके उलगडून वळी बदलायची. उधाणाच्या भरतीला होडी पाण्यात सोडायची आणि पहिले दोन-तीन दिवस कुणीतरी पाणी उपसायला हजर असावं.

दोरीचं जहाज लांब जात नाही अशी शंका येते. इंडोनेशियातल्या बेलितुंग बेटाजवळ 1998 मध्ये सापडलेलं नवव्या शतकातलं जहाज याच तऱ्हेने शिवलेलं होतं आणि त्यात चीनमधल्या मातीच्या भांड्यांचा प्रचंड माल होता. आपल्याकडे 21 मे 2025 रोजी कारवारला नौदलात दाखल झालेली ‘कौंडिण्य’ ही अजिंठ्याच्या पाचव्या शतकातल्या चित्रावरून उभी केलेली नौका. तिच्या फळ्याही काथ्यानेच शिवल्या आहेत, आणि हे काम केरळच्या कारागिरांनी बाबू शंकरन यांच्या देखरेखीखाली केलं.

दोरी कुजते हे खरं, पण तिचा शत्रू खारं पाणी नव्हे, पावसाचं पाणी आहे. पावसाळ्यात होडी वर ओढलेली असते तेव्हा आत गोडं पाणी साचलं की तळाचे टाके काळे पडून भुसभुशीत होतात. होडी झाकून ठेवावी, पण हवा खेळती राहू द्यावी. आत पाणी साचलंच तर ते उपसून समुद्राच्या पाण्याने धुवावं, वाळल्यावर तेल पाजावं. दर तीन-चार महिन्यांनी तेल आणि वर्षातून एकदा चुन्याचा लेप खरवडून नवा.

टाके तपासताना सुरी घेऊन एक टोक उचकटावं. धागा तुटताना भुगा पडला तर त्या सांध्याची वेळ झाली. सगळा सांधा एकदम कापू नये. मीटरभर उलगडायचा, जुने धागे आणि लुकण भोकातून काढायचे, भोक मोठं न करता काठ पुन्हा गोल करायचे, नवी वळी ठेवून शिवायचं, मग पुढचा मीटर. कण्यालगतचा सांधा सगळ्यात आधी घ्यावा. ओल तिथेच सगळ्यात जास्त राहते, आणि वरचे सांधे आधी आवळले तर खालच्या फळीला हलायला जागा उरत नाही.